तळपदेंचं विमान खरंच उडालं होतं का? ग्रुपवरचा दावा मोबाईलवरच असा तपासा

वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, तुमच्या एखाद्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज नक्की येऊन गेला असेल: "राइट बंधूंच्या ८ वर्षं आधी एका मराठी माणसाने मुंबईत विमान उडवलं! ही माहिती तुमच्यापासून लपवली गेली!" १७ डिसेंबर जवळ आला की तो पुन्हा फिरायला लागतो. मग ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "अभिमान वाटला पाहिजे." दुसरी म्हणते, "कायच्या काय फेकून राह्यला भाऊ!" रात्री बारापर्यंत मजा चालते आणि शेवटी ॲडमिन ग्रुप बंद करतो.

या लेखात आपण पाहू की दावा नेमका काय आहे, त्यातलं किती टिकतं आणि असा मेसेज आला की मोबाईलवरच तो कसा तपासायचा.

थोडक्यात माहिती

- नाव: शिवकर बापूजी तळपदे, मुंबई
- विमानाचं नाव: मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र
- दावा: १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान १५०० फूट उडालं
- त्या काळातला फोटो, बातमीचं कात्रण किंवा विमानाचा भाग: समोर आलेला नाही
- राइट बंधूंचं उड्डाण: १७ डिसेंबर १९०३, माणसासह, फोटोसह

शिवकर तळपदे कोण होते?

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तळपदे हे काल्पनिक पात्र नाही. १८६४ साली मुंबईत जन्मलेला हा खराखुरा माणूस. ते पाठारे प्रभू समाजातले, राहणं चिराबाजार भागात आणि शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. संस्कृत ग्रंथांचा त्यांना नाद होता आणि विमान बनवण्याचं वेडही होतं. १९१६ च्या सुमारास त्यांचं निधन झालं. त्यांच्या गोष्टीवर बेतलेला 'हवाईजादा' हा हिंदी सिनेमा जानेवारी २०१५ मध्ये आला होता. पण सिनेमा हा पुरावा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

वाद त्यांच्या असण्यावर नाही. त्यांचं विमान उडालं की नाही, एवढाच वाद आहे.

दावा नेमका काय आहे?

वेगवेगळ्या मेसेजमध्ये तपशील बदलतात, पण गाभा सारखाच असतो. १८९५ मध्ये चौपाटीवर लोक जमले. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हजर होते. पाऱ्यावर चालणारं मरुत्सखा १५०० फूट वर गेलं आणि खाली आलं. 'केसरी'त बातमी आली. नंतर इंग्रजांनी दबाव आणला आणि सगळं गुंडाळलं गेलं.

आता एकेक मुद्दा घेऊ.

मुद्दा १: १५०० फूट म्हणजे किती उंच?

१५०० फूट म्हणजे साधारण ४५७ मीटर. त्या काळी मुंबईतला राजाबाई टॉवर ही उंचीत नावाजलेली इमारत होती. १८७८ मध्ये पूर्ण झालेला हा टॉवर आहे २८० फुटांचा. म्हणजे असे पाच टॉवर एकावर एक ठेवले तरी विमान त्यांच्या वरच राहील!

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. शहरात इंग्रजी, मराठी आणि गुजराती वर्तमानपत्रं निघत होती. एवढ्या उंचीवर यंत्र गेलं असतं तर अर्ध्या गिरगावाने मान वर करून पाहिलं असतं. कुणाच्या तरी डायरीत, पत्रात, पेपरात ते उतरलं असतं. 'केसरी'चं नाव सगळे घेतात, पण त्या अंकाचं कात्रण मात्र कुणी दाखवत नाही. मेसेजमध्ये पेपरचं नाव आहे, पण तारीख आणि कात्रण नाही, असं दिसलं की तिथेच थांबायचं.

मुद्दा २: तुलना राइट बंधूंशी होऊच शकत नाही

गंमत म्हणजे दावा शंभर टक्के खरा मानला, तरी मेसेजचं शीर्षक चुकतंच. कारण मरुत्सखा मानवरहित होतं असं तो मेसेजच सांगतो. राइट बंधूंचं महत्त्व यात आहे की त्यांच्या यंत्रात माणूस बसला होता, इंजिन होतं आणि विमान वळवण्या-सावरण्याचा ताबा त्या माणसाच्या हातात होता.

मानवरहित विमानाची तुलना करायची तर ती अमेरिकेच्या सॅम्युएल लँगली यांच्याशी करावी लागेल. ६ मे १८९६ रोजी त्यांचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. त्याचा फोटो आहे आणि तो काढणारा होता टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल!

राइट बंधूंचं पहिलं उड्डाण तर फारच छोटं होतं: १२ सेकंद आणि १२० फूट. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंद आणि ८५२ फूट. इंजिनची ताकद १२ हॉर्सपॉवर, म्हणजे जवळपास आजच्या १२५ सीसी बाईकइतकी. पण मागे काय काय राहिलं बघा: फोटोची काचेची निगेटिव्ह, डायरीतली नोंद, वडिलांना पाठवलेली तार, पाच साक्षीदार आणि संग्रहालयात ठेवलेलं विमान. उड्डाण बारा सेकंदांचं, पुरावा सव्वाशे वर्षं टिकलेला.

मुद्दा ३: वैमानिक शास्त्र कधीचं?

बरेच मेसेज म्हणतात की तळपदेंनी 'वैमानिक शास्त्र' या प्राचीन ग्रंथावरून विमान बनवलं. इथे तारखाच जुळत नाहीत. हा मजकूर पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला आणि तो लिहून घेतला गेला. तोपर्यंत तळपदे हयात नव्हते. त्यातली विमानांची चित्रंसुद्धा त्याच काळात बंगळूरच्या एका ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलेली आहेत.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी हा ग्रंथ तपासला. त्यांनी भाषा पाहिली, छंद पाहिले आणि चित्रांवरून गणितही केलं. निष्कर्ष असा की मजकूर १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि वर्णन केलेली यंत्रं उडू शकत नाहीत. तळपदेंनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली काही मॉडेल बनवली, पण त्यातलं एकही उडालं नाही, असाही उल्लेख त्या लेखात आहे.

तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला आणि देशभर वाद पेटला. आज ग्रुपवर येणारे बरेच मेसेज त्याच वादाची पिल्लं आहेत.

मुद्दा ४: पण नासानेही पाऱ्याचं इंजिन बनवलं ना?

हो, हे खरं आहे! आणि इथेच अनेक जण फसतात. नासाने १९६४ आणि १९७० मध्ये अंतराळात पाऱ्यावर चालणारी आयन इंजिनं तपासली. यात पाऱ्याची वाफ करतात, तिच्या कणांना विद्युतभार देतात आणि विजेच्या जोरावर ते कण प्रचंड वेगाने मागे फेकतात. कण मागे, यान पुढे.

पण या इंजिनचा जोर किती? १९७० च्या इंजिनचा जोर साधारण २८ मिलिन्यूटन, म्हणजे तीन ग्रॅमपेक्षाही कमी वजन तोलण्याइतका. एक रुपयाचं नाणंसुद्धा त्याने उचललं जाणार नाही. अंतराळात हवेचा विरोध नाही, म्हणून महिनोन्‌महिने हळूहळू ढकलत राहिलं तर वेग वाढतो. चौपाटीच्या हवेत ते इंजिन चालणारच नाही. शिवाय पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आणि त्याची वाफ विषारी. 'पारा' हा शब्द दोन्हीकडे आला म्हणून तंत्र एकच होतं असं होत नाही.

मग प्रत्येक विचित्र बातमी खोटी असते का?

अजिबात नाही. या दोन बातम्या बघा.

पहिली: मुंबईत कांदिवलीला एका इमारतीच्या गच्चीवर एका पायलटने विमान बनवलं. ऐकायला फेकल्यासारखं वाटतं ना? पण खरं आहे. कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मुंबईत लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये डीजीसीएने त्याची नोंदणी केली आणि क्रमांक मिळाला व्हीटी-एनएमडी. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. क्रमांक, तारीख, व्हिडिओ, सगळं हजर.

दुसरी: डिसेंबर २०२३ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीत पुलाखाली विमान अडकलं. हीसुद्धा खरी! भंगारात निघालेल्या विमानाचा सांगाडा ट्रकवरून मुंबईहून आसामला चालला होता. आयुष्यभर आकाशात कुणी अडवलं नाही, शेवटी उड्डाणपुलानेच अडवलं.

म्हणजे बातमी विचित्र आहे की साधी, यावरून काहीच ठरत नाही. मागे काय पुरावा राहिला, यावरून ठरतं.

वाशिमचंच उदाहरण घ्या

आपल्या वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. कुणी म्हणेल, "हेही फॉरवर्डच!" पण १९३९ मध्ये वाशिमला राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. त्यात वंशावळ आहे, तो वत्सगुल्महून दिल्याचं लिहिलं आहे आणि राजाच्या कारकिर्दीचं ३७ वं वर्षही दिलं आहे. त्याआधी ही वेगळी शाखा इतिहासकारांना नीट माहीतच नव्हती. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा लेख अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात आजही आहे.

दीड हजार वर्षांहून जुनी गोष्ट एका ताम्रपटाने सिद्ध झाली, कारण त्यावर नाव, गाव आणि वर्ष होतं. अभिमान बाळगायचा तर असा, ज्याला प्रश्न विचारला तरी तो डगमगत नाही.

मोबाईलवर दावा कसा तपासायचा?

१. फोटो शोधा: मेसेजमधल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका. 'तळपदेंचं विमान' म्हणून फिरणारी चित्रं अनेकदा वैमानिक शास्त्रातली रेखाचित्रं, सिनेमातली दृश्यं किंवा एआयने बनवलेली निघतात.

२. तारीख मागा: "कोणता अंक, कोणती तारीख, कोणतं पान?" एवढंच विचारा. उत्तर आलं तर पुढे तपासा.

३. तारखा एकमेकांशी जुळवा: ग्रंथ १९१८ चा आणि विमान १८९५ चं, अशी गडबड वजाबाकी करूनच पकडता येते.

४. आकडा डोळ्यांसमोर आणा: फूट, किलो, वेग यांची तुलना ओळखीच्या वस्तूशी करा.

५. नोंदणी क्रमांक बघा: विमानाची बातमी असेल तर शेपटीजवळचा क्रमांक शोधा. भारतीय नागरी विमानांचा क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो. तो फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपमध्ये टाकला तर बऱ्याचदा विमानाचा प्रकार आणि कंपनी कळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*तळपदेंनी काहीच बनवलं नव्हतं का?*
त्यांनी प्रयत्न केले, मॉडेल बनवली, असे उल्लेख मिळतात. १५०० फूट उड्डाणाचा पुरावा मात्र नाही.

*उद्या जुनं कात्रण सापडलं तर?*
तर मत बदलायचं. पुरावा मागणाऱ्याने पुरावा आल्यावर तो मान्यही करायचा असतो.

*भारतात विमानाचा पक्का पुरावा असलेली जुनी घटना कोणती?*
१८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला विमानाने सुमारे ६५०० पत्रं नेली गेली. खास शिक्का मारलेली ती पाकिटं आजही संग्राहकांकडे आहेत.

*ग्रुपमध्ये मोठी माणसं असतील तर कसं सांगायचं?*
"काका, तळपदे खरे होते, पण या उड्डाणाची बातमी कुठल्या तारखेच्या पेपरात आहे? मिळाली तर मलाही पाठवा," एवढं पुरे. खिल्ली उडवली की समोरचा हट्टाला पेटतो. प्रश्न विचारला की निदान शोधायला तरी लागतो.

शेवटी एवढंच. दीडशे वर्षांपूर्वी गिरगावात जन्मलेल्या एका मुलाने उडण्याचं स्वप्न पाहिलं, ही गोष्ट मुळातच छान आहे, तिला खोट्या पंखांची गरज नाही. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या एरोनॉटिकल इंजिनिअरिंगला गेलं, तर तिथे फॉरवर्ड चालणार नाही, गणितच चालेल. सवय आत्तापासून लावून घ्या.

माहिती आवडली असेल तर शेअर करा. पण शेअर करण्याआधी यातल्या दोन तारखा स्वतः शोधून बघा!