थांबलेल्या काळाची किंमत

बडोद्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सीडी भाड्याने देणारं एक दुकान होतं. एका रविवारी माझा मुलगा तिथून 'क्लॉकस्टॉपर्स' हा चित्रपट घेऊन आला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. "बाबा, आज शेवटपर्यंत बसायचं," अशी त्याने अट घातली. मी अर्ध्यातूनच उठलो, कारण उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. मी इतिहास शिकवत असे. निवृत्तीनंतर गेल्या वर्षी तो चित्रपट मी एकट्याने पूर्ण पाहिला. मुलासाठी वेळ नसलेल्या एका प्राध्यापक बापाची ती गोष्ट आहे, हे मला तेव्हा कळलं.

चित्रपट 2002 सालचा. दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स हे 'स्टार ट्रेक' मालिकेतले नट म्हणून अधिक ओळखीचे. झॅक गिब्स या मुलाला वडिलांकडे आलेलं एक मनगटी घड्याळ सापडतं. ते चालू केलं की भोवतीचं जग पुतळ्यासारखं निश्चल होतं. खरं तर काळ थांबत नाही. घड्याळ घालणाराच इतका वेगवान होतो की बाकीचं जग त्याला थिजलेलं भासतं. त्या वेगाची किंमत शरीर चुकवतं. घड्याळ बनवणारा शास्त्रज्ञ त्यात राहून भराभर म्हातारा होऊ लागतो.

ही कल्पना नवी नाही. एच. जी. वेल्स यांनी 1901 मध्ये 'द न्यू अ‍ॅक्सिलरेटर' ही कथा लिहिली. तिच्यातले प्राध्यापक गिबर्न एक औषध पितात आणि फोकस्टोनच्या समुद्रकाठी थिजलेल्या गर्दीतून फिरून येतात. वेग इतका की हवेच्या घर्षणाने कपडे करपू लागतात. असं औषध सतत घेणारा माणूस ऐन तारुण्यातच म्हातारा होईल, ही शंका वेल्स यांनीही नोंदवली आहे. गिबर्न आणि गिब्स ही नावं इतकी जवळची का, याचा उलगडा मला झालेला नाही. योगायोगही असू शकेल.

पडद्यावर हा खेळ लवकर आला, कारण तो सिनेमाच्या हाडीमांसीच आहे. रेने क्लेर या फ्रेंच दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट 'पारी की दॉर', म्हणजे झोपलेलं पॅरिस. चित्रण 1923 मध्ये झालं. एका शास्त्रज्ञाच्या किरणाने सारं शहर जागच्या जागी थांबतं. उंचावर असल्याने वाचतात ते आयफेल टॉवरवरचा रखवालदार आणि विमानातून आलेले मोजके प्रवासी. शहर हाती आल्यावर ते दागिने, पैसा, हवं ते उचलतात. मग हळूहळू कंटाळतात आणि आपसात भांडू लागतात. घेणारं-देणारं कोणी उरलं नाही की पैशाला अर्थ राहत नाही, हे क्लेर यांनी हसतखेळत दाखवलं.

त्याआधी आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी उलटा प्रयोग केला होता. त्यांनी काळ थांबवला नाही, दामटला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि 1912 मध्ये कॅमेरा घेऊन परतले. मग कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीचं रोज थोडंथोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली. तो तुकडा पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. या सगळ्यापायी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते. प्रेक्षकाचे दिवस वाचवणाऱ्या त्या जादूमागे एका घरातले किती दिवस खर्ची पडले असतील, हे मोजायला साधन नाही.

पुराणात रैवत ककुद्मी राजाची कथा आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चालू होतं म्हणून थोडा वेळ थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर कित्येक युगं उलटली. मनात योजलेले वर, त्यांची मुलं-नातवंडं, कोणीच उरलं नव्हतं. शेवटी रेवतीचा विवाह बलरामाशी झाला. गिब्सच्या घड्याळाची ही दुसरी बाजू आहे. वेगात जगणारा स्वतः लवकर संपतो आणि थबकलेला आपली माणसं गमावून बसतो. दोन्हीकडे माणसाचं घड्याळ घरच्यांच्या घड्याळाशी जुळेनासं होतं, आणि अडचण तिथेच सुरू होते.

मी चाळीस वर्षं कागदपत्रांत गेलेला काळ धरून ठेवला. घरात चालू असलेल्या काळाकडे बघायचं मात्र राहून गेलं.

मुलगा आता बेंगळुरूला असतो. परवा फोनवर सहज विचारलं, तो घड्याळाचा सिनेमा आठवतो का? "आठवतो ना," तो म्हणाला, "तुम्ही मध्येच उठला होतात." आवाजात राग नव्हता. पुढच्याच मिनिटाला त्याला मीटिंगसाठी फोन ठेवावा लागला. त्याची लेक यंदा दहा वर्षांची होईल. दिवाळीत ती दोघं येणार आहेत, तेव्हा सिनेमा लावायचं ठरवलं आहे. मी शेवटपर्यंत बसेन. तो बसतो का, ते बघायचं.