तंजावरचा भात आणि उंदराची भूक

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो. आज मात्र आपण त्याच परगण्यातील भाताच्या खाचरांत जाऊ. कावेरीच्या मुखाकडील गावांतून बांधावर बांबूचे धनुष्याकृती सापळे लावण्याची जुनी रीत आहे. शेतातील लहान जातीची घूस लोंब्या तोडून बिळात साठविते, आणि गरीब मजूर ते बीळ खणून धान्य घरी नेतात. साठविताना जिला मर्यादा ठाऊक नाही, ती खाताना थांबते कशी?

या प्रश्नाच्या जवळपास गेले ते रॉबर्ट मॅककॅरिसन. नीलगिरीतील कुन्नूर येथे १९२० नंतरच्या दशकात त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे जेवण दिले. शीख आहारावरील उंदरांचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, मराठा आहारावरील २२५, आणि भातप्रधान मद्रासी आहारावरील अवघे १५५. इ.स. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर भाकरी सोडून भाताच्या मुलखात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी या आकड्यांकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे मी सांगत नाही! न्यायाने एवढे म्हणावे लागेल की मजुरांच्या घरचा उकडा तांदूळ सडल्यावरही बराचसा ब-१ जीवनसत्त्व राखून ठेवतो. पांढऱ्या सडीक तांदळाचे तसे नाही. आणि हे जीवनसत्त्व तुटले की उंदराची अन्नावरची वासनाच उडते.

म्हणजे ताटात काय आहे यावरच सारे ठरत नाही. ते किती खाल्ले जाते हेही पाहावे लागते. तो हिशेब आतडे ठेविते. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ साली लंडनमध्ये दाखविले होते की आतडे रक्तावाटे स्वादुपिंडाला निरोप धाडते. असाच एक निरोप भुकेलाही आवरतो, हे सिद्ध व्हावयास १९७३ साल उजाडले. गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी उपाशी उंदरांना कोलेसिस्टोकायनिन टोचले, तेव्हा ते थोडे खाऊनच थांबले. स्निग्ध व प्रथिनयुक्त अन्न लहान आतड्यात उतरले की हे द्रव्य स्रवते आणि भेगस मज्जातंतूच्या वाटेने मेंदूला वर्दी देते.

पण उंदीरही काही कमी नाही. प्रत्येक जेवणाला हे द्रव्य टोचीत राहिले, तर तो लहान लहान जेवणे अधिक वेळा घेतो आणि वजन जवळजवळ राखतो. पुढे १९९९ साली जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांनी उंदराच्याच जठरातून याच्या उलट कामाचे द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव घ्रेलिन. पोट रिकामे झाले की ते रक्तात वाढते, आणि उंदरांना ते दिले असता ते अधिक खातात व अंगाने चरबी धरतात. कुन्नूरच्या त्या १५५ ग्रॅमांच्या उंदरांच्या रक्तात ते किती होते, हे मोजण्याचे साधन मॅककॅरिसन यांच्यापाशी नव्हते. त्यांच्यापाशी होता तो एक तराजू.