ठाण्याचे चार फिरंगी फकीर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दिवा हे जंक्शन आहे. इथून एक वाट ठाण्याकडे जाते, एक कल्याणकडे, एक वसईकडे आणि एक पनवेलवरून कोकणात उतरते. आमच्या गावाचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा लोकलच्या गर्दीपायी. पण उत्तर कोकणातील ख्रिस्ती धर्माचा जुना इतिहास शोधायला निघालेल्या माणसाला यातल्या तीन वाटा धराव्याच लागतात. सहाव्या शतकातल्या कॉसमस नावाच्या ग्रीक प्रवाशाने 'कल्लियाना' या बंदरात ख्रिस्ती लोक राहतात आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो, असे नोंदवले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकात ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. आणि वसई तर आजही ख्रिस्ती मराठीचे माहेरघर आहे.

मी मुसलमान, कविता मराठीत लिहिणारा. ख्रिस्ती धर्मातल्या स्मरणाबद्दल मी का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ठाण्यात आहे. पण तिथे जाण्याआधी थोडे धर्मग्रंथाकडे जाऊ या.

बायबलमध्ये आठवण ठेवणे ही नुसती मनाची क्रिया नाही, ती आज्ञा आहे. हिब्रू भाषेत तिच्यासाठी जो धातू आहे, त्याच्याच नात्यातला अरबी शब्द म्हणजे आमचा 'जिक्र'. यहुदी लोकांना त्यांचा ग्रंथ वारंवार बजावतो की, तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे विसरू नका. आणि हे कशासाठी? सूड घेण्यासाठी नव्हे. तुमच्या दारी आलेल्या परक्याला, विधवेला, पोरक्या मुलाला नीट वागवावे म्हणून. स्वतःच्या दुःखाची आठवण दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, असा तो हिशेब आहे.

हाच धागा येशूने पुढे नेला. वल्हांडणाचा सण म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेची आठवण. त्या सणाच्या दिवसांत, अटकेच्या आदल्या घटकांत, त्याने शिष्यांबरोबर भाकर मोडली, द्राक्षरसाचा प्याला फिरवला आणि माझ्या आठवणीसाठी हे करीत जा, असे सांगितले. वसईचे कॅथलिक ज्याला मिस्सा म्हणतात आणि प्रॉटेस्टंट ज्याला प्रभुभोजन म्हणतात, त्या विधीचे मूळ इथे आहे. आमच्या कुराणातही एका सुऱ्याचे नाव 'माइदा' आहे. माइदा म्हणजे वाढलेले ताट, दस्तरखान. ईसांच्या शिष्यांनी आकाशातून असे ताट उतरावे म्हणून विनंती केली, असा प्रसंग त्यात येतो. त्यात त्या शेवटच्या भोजनाची छाया काही अभ्यासकांना दिसते.

या भोजनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शुभवर्तमानांत नाही. तो पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे. पत्राचा काळ इसवी सन 55 च्या आसपासचा. ते लिहिण्याचे कारण पाहण्यासारखे आहे. करिंथमधले सुखवस्तू लोक एकत्र भोजनाला आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना त्या रात्रीची आठवण करून दिली ती पंगतीतला हा भेद काढण्यासाठी. म्हणजे स्मरणाचा पहिला लेखी उपयोग झाला तो आपल्याच माणसांचे कान धरण्यासाठी!

आणखी एक गोष्ट. पेत्र हा शिष्यांतला प्रमुख. त्याने संकटाच्या वेळी गुरूला तीनदा नाकारले. कोंबडा आरवला तेव्हा त्याला गुरूचे शब्द आठवले आणि तो रडला. ही कथा विरोधकांनी जपलेली नाही. चारही शुभवर्तमानांत पेत्राच्या नकाराची कथा आहे. आपल्या थोर माणसाची नामुष्की ज्यांनी स्वतःच्या पवित्र ग्रंथात जपून ठेवली, त्यांचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

आता ठाण्याला येऊ. साल 1321. दिल्लीच्या सुलतानाचा अंमल या किनाऱ्यापर्यंत नुकताच पोचला होता. इराणच्या आखातातल्या होर्मुझहून निघालेले एक जहाज ठाण्याला लागले. त्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार फकीर होते : तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. त्यांना ठाण्यात यायचेच नव्हते. त्यांना पुढे केरळातल्या कोल्लमला आणि तिथून चीनला जायचे होते. त्यांच्याबरोबर जॉर्डन नावाचे डोमिनिकन धर्मगुरू होते.

ठाण्यात ते एका ख्रिस्ती कुटुंबात उतरले. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने हात उगारला. बायको काजीकडे गेली आणि घरी आलेले पाहुणे साक्षीदार आहेत, असे म्हणाली. काजीने त्यांना बोलावले. साक्ष बाजूला राहिली आणि धर्माचा वाद सुरू झाला. प्रश्न पैगंबरांवर आला, उत्तर कडवट गेले. शेवटी तिघांना ठार मारण्यात आले. पीटर सामान राखायला घरीच थांबला होता. तो वादात नव्हताच. पण दोन-तीन दिवसांत त्यालाही मारले.

जॉर्डन त्या वेळी गुजरातकडे गेले होते. परत आल्यावर त्यांनी चौघांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला, त्याने त्या अस्थी उकरून जहाजाने थेट चीनला नेल्या. 1330 मध्ये त्याने आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला. ठाण्यातल्या पंधरा ख्रिस्ती घरांचा आकडा त्यातलाच. तो सांगतो की, सुलतानाला ही हत्या कळली तेव्हा त्याने ठाण्याच्या मलिकाला देहदंड दिला आणि काजी पळून गेला.

ही कथा एका बाजूने सांगितलेली आहे, तिच्यात चमत्कारही आहेत. इतिहासकार त्यातला कोंडा पाखडून घेतील. पण चार निःशस्त्र परदेशी माणसे ठाण्यात मारली गेली, एवढा दाणा उरतोच. जॉर्डन यांनी त्याच काळात लिहिलेली पत्रे त्याला दुजोरा देतात.

मग मी, एका मुसलमानाने, या आठवणीचे काय करायचे? दोन सोप्या वाटा आहेत. एक, ही फिरंग्यांची बनावट कथा म्हणून सोडून देणे. दुसरी, तेव्हाचा काजी कोण आणि मी कोण, म्हणून खांदे उडवणे. मला दोन्ही पटत नाहीत. ज्या धर्मात कर्बलेची आठवण जिवंत आहे आणि जिथे ग्रंथ तोंडपाठ करणाऱ्याला हाफिज, म्हणजे जपणारा, म्हणतात, त्याला विसराळूपणा शोभत नाही. घरी आलेला मुसाफिर सुरक्षित असला पाहिजे, ही आमचीच शिकवण. ती ठाण्यात मोडली गेली, हे आम्ही सांगितले पाहिजे.

पण हा आरसा सर्वांसाठी आहे. 1560 मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यात इन्क्विझिशन सुरू केले. हिंदूंच्या चालीरीती जपल्याच्या संशयावरूनही बाटलेल्या माणसांना तुरुंग दिसला. 1684 मध्ये तर स्थानिक भाषा बोलण्यावरच बंदीचा हुकूम निघाला. याच गोव्यात इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले होते. ते 1616 मध्ये छापले गेले. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण वाचले ते कर्नाटक किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हस्तलिखितांत. त्यांवरून 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. राज्यकर्त्यांनी भाषा दडपली, भाविकांनी ती जपली. दोघेही ख्रिस्ती होते.

12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. कोंबड्याच्या आरवण्याने पेत्राला जे आठवले, ते त्याच्या वारसाला विसरता आले नाही, असेच म्हणायला हवे.

आज आठवणींचा बाजार तेजीत आहे. प्रत्येक समाज आपल्या जखमांची यादी खिशात घेऊन फिरतो आणि त्या यादीत दुसऱ्याला दिलेल्या जखमा नसतात. त्या ताटावरून येशूने दिलेली आज्ञा मला म्हणूनच मोलाची वाटते. तिथे जेवायला बसलेल्यांत दगा देणारा होता, नाकारणारा होता, पळून जाणारे होते. त्यांना वगळून ती आठवण सांगताच येत नाही.

ठाण्याच्या त्या चार फकिरांना मारणाऱ्या काजीचा धर्म माझाच होता. म्हणून त्यांची आठवण ठेवणे हे आधी माझे काम आहे, ख्रिस्ती शेजाऱ्याचे नंतर.