चाकांवरच्या घराचं वीजबिल

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात बडोद्याच्या गायकवाडांचा एक सलून उभा आहे. सलून म्हणजे केस कापायचं दुकान नव्हे. रेल्वेच्या भाषेत सलून म्हणजे नुसतं बसण्यासाठी नाही, तर राहण्यासाठी बांधलेला डबा. हा डबा 1886 साली तयार झाला, आणि तो झाला आपल्या परळला, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया म्हणजे बीबीसीआय रेल्वेच्या कारखान्यात. आज त्या रेल्वेची पश्चिम रेल्वे झाली आहे. लोअर परळच्या वर्कशॉपमध्ये अजूनही डबे दुरुस्तीला येतात. शेजारच्या गिरण्यांचे मॉल झाले, ऑफिसं झाली. त्यातल्याच एका ऑफिसात मी कोड लिहितो. पण चाकांवरचं घर दुरुस्त करायचा धंदा या भागात टिकून आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्याची कॅरॅव्हॅनची हवा. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच बेड, ओटा आणि टॉयलेट बसवून कोकणात फिरणाऱ्यांचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. अशी गाडी घ्यायची म्हटलं की तीन प्रश्न येतात: एवढं वजन ओढणार कोण, जाळायचं काय आणि गाडी थांबल्यावर पंखा किती वेळ चालणार? रेल्वेवाले हेच तीन प्रश्न दीडशेहून अधिक वर्षं सोडवत आले आहेत. त्यांची उत्तरं आजही कामाची आहेत, आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसते: चाकांवरच्या घरातलं सुख फुकट नसतं, त्याचं बिल कुणीतरी भरत असतं.

ओढणार कोण?

गायकवाडांपासूनच सुरुवात करू. 1862 मध्ये बडोदा संस्थानात डभोई ते मियागाम असा अरुंद रूळमार्ग टाकला गेला. त्यावर डबे ओढायला होते बैल! रूळ अजून वाफेच्या इंजिनाचं वजन पेलण्याइतके मजबूत नव्हते. नियमितपणे वाफेचं इंजिन धावायला 1873 उजाडलं. यातला धडा साधा आहे. ओढणारा किती ताकदवान आहे हे शेवटी बघायचं. आधी बघायचं ते खालचा रस्ता आणि मधला सांधा काय झेपवतो ते.

सांध्याची गोष्ट बोरघाटात कळते. घाटातला रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिला मागून जास्तीची इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. लहानपणी कर्जतचा वडापाव खाताना मागून बसणारा तो धक्का अनेकांनी अनुभवला असेल. पण ही इंजिनं मागे का? पुढेच आणखी दोन का जोडत नाहीत?

कारण कपलिंग. सगळी ताकद पुढून लावली तर संपूर्ण गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येतो. चढावर हा ताण इतका वाढतो की ते तुटू शकतं. मागून ढकललं की ओझं वाटलं जातं. शिवाय एखादं कपलिंग तुटलंच तर मागचे डबे उलटे घरंगळत नाहीत, बँकर त्यांना अडवतो.

उतरताना प्रश्न उलटा होतो. घाट उतरण्याआधी गाडीचे ब्रेक तपासले जातात. ब्रेक निकामी झालेली गाडी अडवायला घाटात चढावर जाणारे खास रूळही ठेवलेले आहेत. जड गाडी ओढणं हा अर्धाच प्रश्न, ती थांबवणं हा उरलेला आणि जास्त धोक्याचा. कॅरॅव्हॅन घेऊन खंडाळ्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरणाऱ्यानं हेच लक्षात ठेवावं. खालच्या गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमके गरजेच्या वेळी दगा देतात. पाण्याची टाकी भरून निघालात तर 100 लिटर म्हणजे 100 किलो जास्तीचं वजन, हेही हिशेबात धरायचं.

इंधन कुठे ठेवायचं?

वाफेच्या इंजिनाला आपलं जेवण पाठीवर घेऊन फिरावं लागायचं. कोळसा आणि पाणी दोन्ही बरोबर. म्हणजे ओढायच्या वजनात स्वतःच्या शिदोरीचं वजन धरायचं, आणि ते वजन ओढायला पुन्हा थोडा कोळसा जाळायचा.

मुंबईनं या प्रश्नाला दिलेलं उत्तर आपल्या डोक्यावरून रोज जातं. 1915 मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तोवर गिरणीतला माग वाफेवर चालायचा. दहा वर्षांनी, 3 फेब्रुवारी 1925 ला, व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली हा बीबीसीआयचा मार्ग विजेवर आला, म्हणजे लोअर परळही आलं. 1 जून 1930 ला दख्खनची राणी सुरू झाली. तिच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले, पण वरचा भाग बांधला गेला माटुंग्याच्या कारखान्यात.

विजेच्या इंजिनानं शिदोरी घरी ठेवली. जाळण्याचं काम दुसरीकडे कुठेतरी होतं, किंवा धरणाच्या पाण्यावर जाळल्याशिवायच भागतं. गाडीला फक्त तारेला हात लावून ठेवायचा असतो. आजची इंजिनं त्याहून पुढची: उतारावर त्यांची मोटर जनित्रासारखी फिरते आणि वीज तारेत परत जाते.

कॅरॅव्हॅनला हे सुख नाही, तिच्या डोक्यावर तार नाही. तिला डिझेल बरोबरच न्यावं लागतं. म्हणून प्रत्येक जास्तीची वस्तू तीनदा महागात पडते: विकत घेताना, ओढताना आणि थांबवताना.

गाडी थांबल्यावर काय?

गायकवाडांचा सलून बांधला गेला त्या काळात डब्यांमध्ये सर्रास तेलाचे दिवे असत. विजेचा दिवा मात्र पाच वर्षं आधीच इंग्लंडमध्ये एका डब्यात लागला होता. 14 ऑक्टोबर 1881 ला लंडन-ब्रायटन मार्गावर ‘बिआट्रिस’ नावाचा पुलमन डबा विजेच्या दिव्यांनी उजळला. वीज होती बॅटरीतली. गास्टाँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 मध्ये शिशाची रिचार्ज होणारी बॅटरी शोधली होती, तिचीच ही सुधारलेली आवृत्ती. पण ही बॅटरी भरायला लंडनला परतावं लागे. म्हणजे आपल्या फोनसारखंच: चार्जर घरी, माणूस बाहेर.

यावर तोडगा काढला जे. स्टोन या कंपनीनं. डब्याचं चाक फिरतंच आहे, तर त्याच्या आसाला पट्टा बांधून डायनामो फिरवायचा. गाडी धावत असताना दिवे डायनामोवर चालतील आणि बॅटरी भरत राहील. थांबली की बॅटरी दिवे सांभाळेल. गाडीचा वेग सारखा बदलतो, मग वीजही कमीजास्त होणार. त्यासाठी डायनामो असा टांगला होता की ठरावीक वेगापुढे पट्टा घसरू लागे आणि वीज वाढत नसे. एकही चिप नसताना केलेलं हे नियंत्रण! आमच्या क्षेत्रात कुणी एवढ्या कमी सामानात एवढं काम केलं तर त्यावर परिषदेत भाषण होईल.

आपल्याकडे अनेक दशकं डबे 24 व्होल्टवर चालले. आईवडिलांना विचारून पाहा. गाडी सिग्नलला बराच वेळ थांबली की दिवे पिवळे पडायचे आणि पंखे मरगळायचे. त्याचं कारण हेच: डायनामो बंद आणि बॅटरी म्हातारी. नंतर 110 व्होल्ट आले, डायनामोऐवजी अल्टरनेटर आले. पण पट्टा तुटला तर डबा अंधारात जाणार, हे तसंच राहिलं.

थंडाव्याची कथा तर आणखी गमतीची. 1930च्या दशकात बीबीसीआयच्या फ्रंटियर मेलमध्ये वरच्या वर्गाचा डबा थंड ठेवायला खाली बर्फाच्या लाद्या भरत आणि ठरावीक स्टेशनांवर नव्या चढवत. ऐकायला हे जुनाट वाटतं. पण एक किलो बर्फ वितळताना सुमारे 93 वॉट-तास उष्णता शोषून घेतो. शिशाच्या बॅटरीत किलोमागे 30 ते 40 वॉट-तास वीज मावते. त्या काळच्या यंत्रांच्या मानानं बर्फ हीसुद्धा एक बॅटरीच होती, आणि बरी होती.

बिल कोण भरतं?

डायनामोची वीज फुकट वाटते, कारण चाक तर फिरतंच आहे. पण डायनामो वीज काढतो तेव्हा चाक जड होतं आणि इंजिनाला तेवढं जास्त ओढावं लागतं. डब्यातला पंखा शेवटी इंजिनातल्या कोळशावरच फिरायचा, मधल्या प्रत्येक पायरीला गळती होत होत.

एसी वाढले तसं हे परवडेना. 1972 मध्ये मुंबई-दिल्ली राजधानी सुरू झाली. अशा गाड्यांना टोकांना पॉवर कार असत: डब्यात डिझेल जनरेटर, त्यातून सगळ्या गाडीला वीज. शेजारच्या डब्यातल्यांना आवाज आणि धूर. गंमत बघा, डोक्यावर विजेची तार आणि खाली विजेसाठी डिझेल जळतंय! तारेतली वीज डब्यांच्या कामाची करून द्यायला इंजिनात वेगळं यंत्र लागतं. शिवाय मुंबईची तार 1500 व्होल्ट डीसी आणि पुढची 25 हजार व्होल्ट एसी. पश्चिम रेल्वेवर मुंबईतला हा बदल 2012 मध्ये पुरा झाला. त्यानंतरच्या वर्षांत इंजिनातूनच डब्यांना वीज देण्याची पद्धत सर्रास झाली. जनरेटरची घरघर थांबली आणि अनेक गाड्यांत एका पॉवर कारच्या जागी प्रवाशांचा डबा लागला.

आता कॅरॅव्हॅनचा हिशेब. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी म्हणजे 1.2 युनिट. ती पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून वापरायची निम्मी: 0.6 युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे तुमची थंड झोप जेमतेम अर्धा तास. लिथियमची तेवढीच बॅटरी तासभर नेईल. रेल्वेच्या एसी डब्याखाली 110 व्होल्टची 1100 अँपिअर-तासांपर्यंतची बॅटरी असते, म्हणजे 121 युनिट. तरी ती रात्रभर एसी चालवायला नसते, थांब्यापुरती असते. म्हणून रात्रीचा एसी हवा असेल तर प्लग मिळेल अशाच जागी मुक्काम ठरवा. बॅटरीवर दिवे, पंखा, फोन आणि छोटा फ्रीज चालवा. इंजिन नुसतं चालू ठेवून बॅटरी भरू नका. आणि जनरेटर लावणार असाल, तर शेजारच्या गाडीत झोपलेला माणूस तुमच्या बिलातला वाटा भरतोय हे विसरू नका.

या इतिहासात सुख कोणत्या क्रमानं वाटलं गेलं, तेही बघण्यासारखं आहे. आधी राजाचा सलून, मग साहेबाचा तपासणी डबा, मग पहिला वर्ग, आणि शेवटी तिसरा. 2018 पासून रेल्वेचे सलून सामान्यांनाही भाड्यानं मिळू लागले. पण रेल्वेत चाकांवरची आणखीही घरं आहेत, ज्यांचे फोटो कुणी काढत नाही. रूळ नीट करणाऱ्या यंत्रांवरचे कामगार कॅम्प कोचमध्ये राहतात. जुना डबा, आत खाटा आणि स्वयंपाकाची जागा. काम सरकेल तसा डबा सरकतो आणि साइडिंगला उभा राहतो. तिथे डायनामो फिरत नाही, कारण चाक थांबलेलं असतं. जनरेटर चालू असेल तोवर पंखा, नाहीतर मे महिन्यात लोखंडी छप्पर.

आपली राजधानी ताशी 130 किलोमीटरनं थंडगार धावते, ती याच माणसांनी नीट केलेल्या रुळांवरून. आपल्या प्रवासाच्या बिलातला त्यांचा वाटा तिकिटावर छापलेला नसतो.