बोल्टाची बखर

गेल्या पावसाळ्यानंतर खळ्यातल्या मांडवाखाली वडिलांची जुनी मोटार उभी करून तिचे हेड गॅस्केट मी स्वतःच बदलावयास घेतले. सातवा की आठवा बोल्ट आवळत असता हाताला एकाएकी हलके लागू लागले. घट्ट होत आलेला बोल्ट असा मऊ पडावा, याहून वाईट खूण नाही. तो ताणून तुटला होता. शेजारचे मिस्त्री आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "मास्तरानू, इतको जोर कित्याक?"

वास्तविक मी जोर लावलाच नव्हता. आकडा लावला होता. टॉर्क पान्यावर पुस्तकातले फूट-पौंड चढवूनच मी आवळीत होतो. मग चूक कोणाची?

आमच्या समोर समुद्रात सिंधुदुर्ग आहे. १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे काम सुरू झाले आणि पायाचे दगड शिशाच्या रसात बसविले, असे सांगतात. पण शिशाचा सांधा पुन्हा उलगडावयाचा नसतो. बोल्टाचा सांधा तटासारखा घट्ट हवा आणि उद्या पान्याने सुटलाही पाहिजे. आवळताना बोल्ट केसभर ताणला जातो आणि मूळ लांबीवर येण्याच्या ओढीने दोन्ही भाग दाबून धरतो. सारा कारभार त्या ओढीचा. ताण मर्यादेपलीकडे गेला की ओढ संपली!

या ओढीला आधी सारखे आटे हवेत. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने आटे पाडण्याचे अचूक लेथ केले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचे सुचविले. दोन भाषा झाल्या. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे नट-बोल्ट एकमेकांत बसेनात, म्हणून १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक प्रमाण मान्य केले. आमच्याकडच्या मिस्त्र्यांना मात्र या तहाचा फारसा उपयोग झाला नाही. जुन्या विलायती गाड्या, महिंद्रांनी १९४७ पासून जुळविलेली अमेरिकन वळणाची जीप आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची इटालियन वळणाची फियाट, असे तीन संसार त्यांनी एकाच पेटीतल्या पान्यांवर चालविले.

टॉर्क पाना त्यामानाने अलीकडचा. न्यूयॉर्कच्या पाणीखात्यातील कॉनराड बार याने तो १९१८ साली केला, असे म्हणतात. तेथेही नळांचे बोल्ट जास्त आवळले जाऊन तुटत. परंतु हा पाना ताण मोजीत नाही, पीळ मोजतो. त्या पिळाचे सुमारे नऊ दशांश बोल्टाच्या डोक्याखालच्या व आट्यांतल्या घर्षणात जातात. आमच्या खाऱ्या हवेत आटे गंजतात. मग पाना लवकर खटकतो आणि बोल्ट सैलच राहतो. मी गंजाच्या धास्तीने आट्यांवर सढळ हाताने तेल ओतले होते. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा! घर्षण घटले आणि वाचलेला पीळ सगळा ताणात गेला.

तुटलेला तुकडा काढावयास मिस्त्रींना दोन संध्याकाळी लागल्या. नवे बोल्ट मी आटे घासून, पुसून, कोरडे बसविले. मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत. शेवटच्या फेरीस मिस्त्री मागे उभे होते. काही बोलले नाहीत.