आल्समेरची अट

कांदा चाळीत थांबतो, ज्वारी कणगीत थांबते. शेवंतीला थांब म्हणायची सोय नाही. पहाटेची तोड गुलटेकडीच्या गाळ्यावर उतरली की निघेल तो भाव घ्यायचा, नाहीतर क्रेट तिथंच पालथी करून घरी यायचं. दसऱ्याच्या संध्याकाळी मार्केट यार्डात टाकून दिलेले झेंडूचे ढीग ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुरंदरच्या आमच्या घरात तीन पिढ्या फुलं आहेत आणि तिन्ही पिढ्यांची तक्रार एकच आहे. हॉलंडमधल्या आल्समेर गावाचीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हीच तक्रार होती. त्या गावानं तिचं काय केलं, हे मी हाती लागेल तिथून वाचत आलो.

आल्समेर अ‍ॅमस्टरडॅमच्या नैर्ऋत्येला. जमीन काळी, पाणथळ. जळणासाठी तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पीट नावाची माती खणून काढली आणि खणलेल्या जागी तळी झाली. उरली ती जमिनीची लांबट बेटं. शेजारच्या हार्लेमरमेर सरोवराच्या लाटा काठ खात होत्या, ते सरोवर वाफेच्या पंपांनी उपसून 1852 मध्ये कोरडं केलं तेव्हा कुठे गावाला स्वस्थता मिळाली. फुलांच्या आधी गाव स्ट्रॉबेरीचं होतं. गावाच्या झेंड्यातला लाल पट्टा फळाचा, हिरवा पानांचा, काळा मातीचा असं तिथं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचघरं आली आणि गुलाब आले.

पण मला सगळ्यात नवल वाटतं ते लायलॅकचं. ही झुडपं तळ्यातल्या बेटांवर वाढवायची. हिवाळा लागला की मुळांच्या मातीच्या गड्ड्यासकट उपटून सपाट होड्यांत रचायची, गावात आणून तापवलेल्या काचघरात उभी करायची. उबेनं झाड फसतं, ऐन थंडीत फुलतं. फुलं कापली, छाटणी केली की झाड पुन्हा होडीतून बेटावर. आम्ही दिवाळीचा झेंडू साधायला लागणीची तारीख पुढे-मागे करतो, एवढ्यावरच आमची हुशारी संपते.

एवढा खटाटोप करून फुलं काढायची आणि होडीतून अ‍ॅमस्टरडॅमला न्यायची. तिथं व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक, की हा माणूस माल परत नेणार नाही. एकेकट्या होडीवाल्याशी घासाघीस केली की भाव आपोआप खाली येतो. आमच्याकडे टेम्पो असतो एवढाच फरक. आणि आमच्याकडे वर उचल असते. लागणीच्या वेळी आडत्याकडून पैसे घेतले की हंगामभर माल त्याच्याच गाळ्यावर घालावा लागतो, भाव त्यानं लावायचा. आडत्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण अडीअडचणीला रात्री दहा वाजता पैसे देणारा दुसरा कोण, हेही लिहायला हवं.

तोडगा मुळात फुलांच्या बाजारात निघाला नाही, भाजीत निघाला. ब्रुक ऑप लांगेडेइक या गावी 1887 मध्ये फुलकोबीचा लिलाव उलटा झाला: भाव चढवत न्यायचा नाही, वरून खाली उतरवायचा. जो पहिला ‘घेतला’ म्हणेल त्याचा माल. पुढे त्याला यंत्र आलं, मोठ्या तबकडीवर काटा उतरू लागला आणि खरेदीदार बटण दाबू लागला. थांबलं तर स्वस्त मिळेल, पण मिळेलच असं नाही. काही सेकंदांत सौदा होतो. नाशवंत मालाला याहून सोयीची रीत मला सुचत नाही. आपल्याकडे आंब्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्या बागायतदाराला रुमाल दिसे, भाव दिसत नसे. घड्याळाचा काटा मात्र सगळ्या सभागृहाला दिसतो.

आल्समेरच्या फूलवाल्यांनी 1911 मध्ये ‘वेलकॉम’ नावाच्या कॅफेत लिलाव सुरू केला, त्याचं नाव ‘ब्लूमनलुस्ट’. गावाच्या मध्यात त्याच सुमारास दुसऱ्यांनी आपला वेगळा लिलाव मांडला. एका गावात फुलांचे दोन सहकारी लिलाव! ज्यांच्या गावात दोन दूध संघ आहेत त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. हे दोन लिलाव एकमेकांच्या नाकासमोर पन्नासहून अधिक वर्षं चालले आणि 1968 मध्ये एक झाले. 1972 मध्ये नवी इमारत उभी राहिली, ती पुढे वाढत वाढत जगातल्या सर्वात मोठ्या इमारतींत गणली गेली. कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळाशी शिफोल विमानतळ झालेला होताच, त्यामुळे फुलं परदेशी जाणं सोपं झालं. नंतर केनिया-इथिओपियाचे गुलाबही तिथं येऊ लागले. आमच्या मावळातल्या पॉलिहाऊसचे गुलाबही फेब्रुवारीच्या हंगामात हॉलंडच्या बाजारात गेलेले आहेत.

पाहुणे जातात, घड्याळाचे फोटो काढतात आणि परत येऊन घड्याळाचंच बोलतात. माझ्या मते घड्याळ दुय्यम. खरी गोष्ट नियमात होती: सभासदानं आपला सगळा माल लिलावातूनच विकायचा. चांगला माल मागच्या दारानं ओळखीच्या दुकानदाराला आणि राहिलेला सोसायटीला, हे चालायचं नाही. मालाची तपासणी सोसायटीचा माणूस करणार. पैसे खरेदीदाराकडून सोसायटी वसूल करणार आणि सभासदाला देणार. ही अट कित्येक दशकं पाळली गेली, म्हणून छोट्या दुकानदारापासून निर्यातदारापर्यंत सगळ्यांना त्या दारात यावं लागलं. 2008 मध्ये देशातले मोठे लिलाव एकत्र होईपर्यंत काळ बदलला होता. मोठे बागायतदार थेट करार करू लागले, अट सैल झाली, खरेदीदार घरबसल्या संगणकावर बटण दाबू लागले.

सहकार आपल्याला नवा नाही. प्रवरेचा साखर कारखाना 1950 च्या सुमाराचा, द्राक्षवाल्यांचं महाग्रेप्स 1991 चं. पण ऊस कारखान्याशिवाय कुठे जाणार? फुलाला मात्र दहा दारं, आणि प्रत्येक दारात कुणीतरी दोन रुपये जास्त देऊन एखाद्याला फोडायला उभा.

आमच्या वाडीत भाडं वाचावं म्हणून रात्रीचा टेम्पो सगळ्यांचा एकच असतो. गेल्या वैशाखात बैठक झाली, की टेम्पो एक आहे तर गाळाही एकच करू, माल एकत्र विकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी विचारलं, प्रतवारी कोण करणार? माझी शेवंती दोन नंबरची असं शेजाऱ्यानं मला सांगायचं? तिथं आवाज चढले. दोन घरांची उचल फिटलेली नव्हती, ते आधीच उठून गेले होते. टेम्पो अजून एकच जातो आणि क्रेट सहा गाळ्यांवर उतरतात.