भयावरील औषध आणि त्याचा जमाखर्च

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत धरणीकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवशी अनेक धक्के बसले आणि भयाने पळताना एका बालिकेचा प्राण गेला. धुंदलवाडीच्या परिसरातील माणसे घर असून तंबूत निजू लागली. भिंतीचा तडा पंचनाम्यात येतो. उडालेली झोप येत नाही.

त्या दिवसांत पाड्यांवर हिंडत असता चिकूच्या वाडीत मजुरी करणाऱ्या एका बाईंनी आम्हांला गोळ्यांची पट्टी दाखवून विचारले, “भाऊ, छातीतली धडधड थांबावी म्हणून डॉक्टरने ही गोळी दिली. चार दिवस झाले. धडधड आहेच, वर मळमळ सुरू झाली. टाकून देऊ का?” करारनाम्याची कलमे वाचण्यात आमचे आयुष्य गेले, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. डॉक्टरांकडे परत जा, एवढेच आम्ही सांगितले. पुढे या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागलो तेव्हा आढळले की, त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईचाच आहे.

सर्पगंधेची मुळी आपल्या देशात उन्मादावर पूर्वापार दिली जात असे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे गुण वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले व मन शांत करणारे औषध म्हणून ते सर्वत्र गेले. तथापि थोड्याच वर्षांत काही रोगी खिन्न होतात, जीवनाला विटतात, अशा तक्रारी येऊ लागल्या. पुढील अभ्यासकांनी हा दोष समजला गेला तितका सिद्ध नाही, असेही म्हटले. म्हणजे औषधाची स्तुती असो वा भीती, दोन्ही तपासूनच घ्यावी लागतात.

न तपासता घेतल्यास काय होते, हे थॅलिडोमाइडने दाखविले. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते निर्धोक शामक म्हणून बाजारात आले. १९६१ साली ते मागे घेईपर्यंत गर्भावस्थेत त्याची बाधा झालेली हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली होती. अमेरिकेत मात्र डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा म्हणून परवाना अडवून धरला. प्रश्न विचारणे म्हणजे अडवणूक नव्हे, हे त्या उदाहरणाने सिद्ध झाले.

१९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ साली डायझेपाम आले. यांचा गुण तत्काळ येतो; किंमत मागाहून द्यावी लागते. सवय जडते, आणि एकदम सोडल्यास त्रास होतो. ताडी-दारूबरोबर घेतल्यास श्वासालाही धोका असतो. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन आणि त्याच्या वर्गातील औषधे यांचा हिशेब नेमका उलटा आहे. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी हे पहिल्या एकदोन आठवड्यांत येते; गुण दिसू लागण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. त्या बाईंची गोळी याच वर्गातील होती. चौथ्या दिवशी त्यांच्या वहीत खर्चाची बाजू भरली होती, जमेची अजून कोरी होती. त्या दिवशी निकाल देणे म्हणजे अर्ध्या हिशेबावर सही करणे होय.

याचा अर्थ सारे निमूटपणे सोसावे असा नव्हे. मरणाचे विचार येऊ लागले (तरुणांत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते), अंगावर पुरळ वा चेहऱ्यावर सूज आली, तळमळ असह्य झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कित्येक आठवडे घेतलेली गोळी मात्र आपल्या मनाने एकदम सोडू नये. आणि आरंभीच विचारावे: किती मात्रेने सुरुवात? गुण कधी? कोणता त्रास थांबेल, कोणता राहील? लैंगिक तक्रारी पुष्कळदा राहतात, आणि संकोचाने त्या कोणी बोलत नाही. गरोदरपण व चालू असलेली इतर औषधे हीही सांगावीत.

त्या बाईंना यांतले काही कोणी सांगितले नव्हते. परत विचारायला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस सेवेशी फुकट बोलता येते, ही थोडी सोय झाली आहे. पण औषध देताना दोन वाक्ये अधिक बोलली गेली तर तो दिवस मुळी बुडणारच नाही. गोळीने धरणी स्थिर होत नाही. त्यासाठी पक्की घरे मागावीच लागतील. परंतु ज्याच्या शरीरात औषध जाते त्याला त्याचा पूर्ण जमाखर्च आधी कळावा, हीही तितकीच न्याय्य मागणी आहे.